जुन्या रेडिओच्या पेटीत नवे सामान

रेडिओ तुम्ही सर्वांनी ऐकला असेल. पण व्हॉल्व्हचा रेडिओ किती जणांनी पाहिला आहे? तो लाकडी पेटीसारखा असतो. पुढे कापडाची जाळी, तिच्यामागे स्पीकर, खाली काचेची पट्टी आणि दोन बाजूंना खुंट्या. काचेवर मुंबई, दिल्ली, सिलोन अशी नावे लिहिलेली असतात. आमच्या घरी असा एक रेडिओ आहे. तो माझ्या पणजोबांनी घेतला होता. त्या काळी रेडिओ घरात ठेवायला पोस्टातून लायसन काढावे लागे.

मुंबईचे रेडिओ केंद्र १९२७ साली सुरू झाले. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेत १९४७ साली लागला, पण त्याचे रेडिओ खेड्यांत यायला बरीच वर्षे गेली. तोपर्यंत व्हॉल्व्हचेच रेडिओ होते. व्हॉल्व्ह म्हणजे बल्बसारखी काचेची नळी. तिच्यात एक तार तापते तेव्हाच ती काम करते. म्हणून रेडिओ लावला की लगेच बोलत नसे, थोडी वाट बघावी लागे. आजी म्हणते, "तेवढ्यात मी चुलीत लाकूड सारून यायची."

आमचा रेडिओ बंद पडून खूप वर्षे झाली. भंगारवाला शंभर रुपये देत होता. बाबा म्हणाले, देऊन टाकू. आजी काहीच बोलली नाही, पदराने त्याची काच पुसत बसली.

आजीला आता नीट दिसत नाही. मोबाइलची काच गुळगुळीत असते, त्यावर बोट कुठे लावायचे ते तिला कळत नाही. अभंग ऐकायचे तर कोणीतरी लावून द्यावे लागतात. दुपारी आईबाबा रानात आणि मी शाळेत. पण रेडिओची खुंटी मात्र तिच्या हाताला न बघता सापडते. म्हणून मी म्हटलं, पेटी तीच ठेवू, खुंटी तीच ठेवू, आत नवं सामान घालू. बाबांना ते पटले.

बाजाराच्या गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. बाबांनी आणि मी रेडिओ पोत्यात गुंडाळून त्यांच्याकडे नेला. काका म्हणाले, "आधी मूळचा चालतो का बघू. चालण्यासारख्या रेडिओचं पोट काढू नये." मला हे फार आवडले. त्यांनी मीटर लावून पाहिले. आतला ट्रान्सफॉर्मर जळला होता आणि दोन व्हॉल्व्ह फुटले होते. मगच त्यांनी आतला पत्र्याचा सांगाडा बाहेर काढला.

हे काम मुलांनी एकट्याने मुळीच करू नये. चालू व्हॉल्व्ह-रेडिओत दोनशे व्होल्टच्या वर वीज असते. प्लग काढला तरी त्याच्या कंडेन्सरमध्ये ती काही वेळ साठून राहते आणि झटका देते. काकांनी जुनी प्लगची वायर आधीच कापून टाकली, म्हणजे चुकून कोणी ती बोर्डात लावणार नाही.

स्पीकर चांगला आहे की नाही ते बघायची युक्ती सोपी आहे. टॉर्चचा दीड व्होल्टचा एक सेल घ्यायचा आणि दोन वायरींनी स्पीकरला क्षणभर टेकवायचा. 'खर्र' असा आवाज झाला आणि कागदाचा पडदा हलला तर स्पीकर जिवंत आहे. आमचा हलला! फार जुन्या काही स्पीकरांत कायमचे चुंबक नसते, वीज देऊन चुंबक करावे लागते. तसले या कामाला चालत नाहीत. मागे स्क्रूड्रायव्हर लावून पाहायचा, चिकटला तर चुंबक आहे.

आता गंमत सांगतो. काकांनी स्पीकर नुसता टेबलावर ठेवून गाणे लावले. आवाज पातळ आला, मृदंग तर ऐकूच येईना. मग तोच स्पीकर पेटीत बसवला आणि तेच गाणे लावले. मृदंग घुमला! असे का होते? पडदा पुढे हलला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची हवा विरळ होते. उघड्या स्पीकरात पुढची हवा कडेने वळून मागे जाते आणि दोन्हींची वजाबाकी होते. जाड आवाजाचे यात जास्त नुकसान होते. लाकडी फळी मध्ये आली की ती वाट अडते. म्हणून जुन्या पेट्या एवढ्या मोठ्या करीत. नवा छोटा प्लास्टिकचा स्पीकर महाग असला तरी मला आमच्या पेटीचाच आवाज बरा वाटतो.

नवे सामान थोडेच आहे. पेनड्राइव्ह वाजवणारी एक पट्टी, नखाएवढ्या चिपचा ५ व्होल्टचा ॲम्प्लिफायर आणि मोबाइलचा चार्जर. चार्जरच्या वायरीत लाल धन आणि काळी ऋण असते. पट्टीतून डावा आणि उजवा असे दोन आवाज निघतात, आमचा स्पीकर एकच. दोन्ही वायरी सरळ जोडायच्या नाहीत. प्रत्येकीत एक हजार ओहमचा रोध घालून मगच एकत्र करायच्या. त्या रोधावर तपकिरी, काळा, लाल असे पट्टे असतात. ते मी शोधून दिले. सोल्डरिंग काकांनी केले. काचेमागे एक पिवळा एलईडी लावला, त्यालाही २२० ओहमचा रोध आहे, नाहीतर तो जळतो. पेटीला पुढून एकही भोक पाडले नाही.

सगळ्यांत महत्त्वाची खुंटी. तिच्या पोटातच चालू-बंदचे बटण होते. काकांनी ते साफ केले. पूर्वी त्यातून २३० व्होल्ट जात, आता ५ व्होल्ट जातात. खुंटी फिरवली की पूर्वीसारखेच 'टक' होते, काच उजळते आणि पेनड्राइव्ह आपोआप वाजू लागतो. आवाज ॲम्प्लिफायरवरच्या लहान खुंटीने एकदाच ठरवून ठेवला आहे.

पेनड्राइव्हमध्ये हरिपाठ आणि आमच्या भजनी मंडळाचे अभंग आहेत. मी ते मोबाइलवर देवळात टेप केले. पहिल्या दिवशी आजीने खुंटी फिरवली आणि सवयीने गप्प बसून राहिली, तार तापायची वाट बघत. आवाज लगेच आला तशी ती दचकली. म्हणाली, "अगं बाई, हा आता वाट बघायला लावत नाही!" रात्री विचारले, "आजी, दुपारी लावलास का गं?" तर म्हणाली, "तीनदा लावला."

जुन्या रेडिओतले चांगले राहिलेले तीन व्हॉल्व्ह मी शाळेत आणले आहेत. खिडकीजवळच्या विज्ञान कोपऱ्यात कापसात ठेवले आहेत. आतली तार नीट दिसते. जरूर बघा, पण उचलू नका, काच पातळ आहे.

इयत्ता ४ थी