पिल्लाचं नाक घासू नका

आमच्या परतवाड्यात मांजराचं पिल्लू सहसा कोणी विकत आणत नाही. उन्हाळा लागता लागता एखादी मांजर कुणाच्या माळ्यावर नाहीतर कडब्याच्या गंजीत विते आणि मग शेजारपाजारचे "घेता का एखादं?" विचारत फिरतात. पोरं हट्ट धरतात, पिल्लू घरी येतं. पहिले दिवस कौतुकात जातात. मग एका सकाळी गादीला वास येतो आणि घरात दोन तट पडतात. पिल्लू ठेवायचं की सोडून द्यायचं, याचा निकाल बहुतेक घरांत याच एका गोष्टीवर लागतो. म्हणून जे पाहिलं, ते सविस्तर लिहिते आहे.

आमची चिंगी आली तेव्हा नुकती स्वतःच्या तोंडाने खायला लागली होती. मागच्या खोलीत खिडकीखाली रेतीचं घमेलं ठेवलं होतं. ती त्यात जायची, उकरायची, झाकायची. कोणी शिकवलं नव्हतं. पिल्लू तीनेक आठवड्यांचं होईपर्यंत आईच चाटून त्याची शी-शू करवते. चौथ्या आठवड्यापासून ते स्वतः मोकळी, भुसभुशीत जागा शोधू लागतं. पाळीव मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातली रानमांजरं, त्यामुळे उकरून झाकणं त्याच्या अंगातच आहे. घर बांधणाऱ्याने रस्त्यावर टाकलेल्या रेतीच्या ढिगावर गल्लीतली सगळी मांजरं का जातात, त्याचं उत्तर हेच.

मे महिना लागला आणि चिंगीने घमेलं सोडलं. आधी कोठीतल्या गादीवर, मग चटईवर. शेजारच्या काकूंनी सांगितलं, "अवं, एक डाव तिचं नाक घास त्या मुतात, मंग पाह्य कशी सुदरते थे." हा सल्ला वऱ्हाडात घरोघरी मिळतो आणि देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आमच्या घरात तो अमलात आला. पुढे जे झालं, ते दुसऱ्या कुणाच्या पिल्लाच्या वाट्याला येऊ नये. चिंगीला जागेची नाही, माणसांची भीती बसली. पाऊल वाजलं की ती दिवाणाखाली पळायची आणि भीतीने तिथेच करायची. घाण आधी डोळ्यांपुढे होती, ती आता लपून होऊ लागली. मांजराला काही वेळापूर्वीची गोष्ट आणि आत्ताची शिक्षा यांचा संबंध लागत नाही. त्याला इतकंच कळतं, की या माणसाच्या हाताला आपण सापडलो की दुखतं.

"वझ्झरकडे रानात नेऊन सोडा" इथपर्यंत बोलणी गेली. माणसाच्या हातचं खाऊन वाढलेलं पिल्लू रानाच्या कडेला कुत्र्यांपुढे टिकत नाही. शिवाय पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा ठिकाणी सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

चिंगीने घमेलं का सोडलं, याचं कारण सापडलं ते लाइन गेल्यामुळे. दुपारी लाइन गेली की चिंगी गुपचूप मागच्या खोलीत जायची आणि घमेल्यातच करून यायची. लाइन आली की पुन्हा जायची नाही. ज्या खिडकीखाली घमेलं होतं, त्याच खिडकीत मे महिन्यात कूलर बसला होता. त्या लोखंडी पंख्याचा घोंगावता आवाज, अंगावर येणारे तुषार आणि खाली ओली झालेली रेती. एवढ्याशा जिवाने तिथे बसावं तरी कसं? घमेलं जिन्याखालच्या शांत कोपऱ्यात नेलं, तिच्या वासाची मूठभर जुनी रेती वर टाकली आणि काही दिवसांत गादी कोरडी राहू लागली. दिवाणाखालून बाहेर यायला मात्र तिला त्याहून कितीतरी जास्त दिवस लागले.

पिल्लू चुकलं की आधी जागा पाहा. कूलर, मिक्सर, पाण्याची मोटर, दाराची ये-जा यांपासून ती लांब हवी. खाण्या-पिण्याच्या भांड्यांजवळ नको, कारण जेवायच्या जागी मांजर घाण करत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर तर अजिबातच नको. आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो आणि स्लॅबवर त्याचे पाय भाजतात. नवं पिल्लू पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला अलगद उचलून घमेल्यात ठेवा. तेवढंच शिकवणं. काठ इतका बुटका असावा, की पिल्लाला उडी मारावी लागू नये. दोन मांजरं असतील तर तीन घमेली ठेवा. एकमेकांच्या धाकाने वाट अडते.

आत काय भरायचं, यावर मला थोडं जास्त सांगायचं आहे. रेती चांगली, पण चाळून, धुऊन, उन्हात वाळवलेली. थर दोन-तीन इंचांचा. आपल्या शेतातली काळी माती नको. ओली झाली की पायांना चिकटते, वाळली की ढेकळं होतात. परतवाडा लाकडाचं गाव. मेळघाटातलं सागवान इथल्या डेपोत येतं, आरा मशिनी आहेत, त्यामुळे भुसा सहज मिळतो आणि अनेक जण तोच वापरतात. त्यातला पिठासारखा बारीक भुसा टाळा. सागाची धूळ माणसाच्याही नाका-कातडीला चुरचुरते. पिल्लाचं तोंड तर त्या धुळीतच असतं. रंध्याखालच्या जाड सालपटांनी काम भागतं, मात्र वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाची ती नसावीत, एवढं सुताराला विचारून घ्या.

दुकानात मिळते ती 'लिटर'ची माती 1947 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लोव यांनी प्रथम मांजरांसाठी विकली. मुलतानी मातीच्याच जातीची ती दाणेदार माती होती. त्याआधी तिकडेही लोक राख, रेती, भुसाच वापरत. आज मिळणारी बेन्टोनाइटची, ओली झाली की गोळा होणारी माती दोन-तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला देऊ नका. या वयाची पिल्लं दिसेल ते चाटतात आणि ती माती पोटात फुगून अडकू शकते. एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाताना जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत जा.

घाण झालेली जागा पुसायला फिनाइल घेऊ नका, काळं नाही आणि पांढरंही नाही. मांजराच्या यकृताला अशी द्रव्यं मोडून बाहेर टाकणं जमत नाही. ते त्या फरशीवर चालतं, मग पाय चाटतं, आणि विष पोटात जातं. साबणाचं पाणी, त्यानंतर पाणी मिसळलेला व्हिनेगर, आणि गादीवर खाण्याचा सोडा भुरभुरून झटकणं पुरेसं होतं. वास राहिला तर पिल्लू पुन्हा तिथेच जाणार, हे धरून चाला.

मग त्याचं पोट पाहा. आपल्याकडे पिल्लाला दूध-पोळी देण्याची रीत आहे. आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना गाई-म्हशीच्या दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात, आणि जुलाब झालेलं पिल्लू घमेल्यापर्यंत पोचूच शकत नाही. दूध बंद करा, पाणी भरपूर ठेवा, आणि जंताचं औषध पशुवैद्याकडून वजनाप्रमाणे घ्या. घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. मांजरासाठी ती जीवघेणी आहे.

घमेलं रोज साफ झालंच पाहिजे. ते पिल्लासाठी आहे आणि आपल्यासाठीही. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो. बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी तो बाधक होतो, म्हणून रोजची सफाई मोठं संरक्षण आहे. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. काढलेली घाण कोथिंबीर-पालकाच्या वाफ्यात टाकू नये.

सहा महिन्यांच्या आसपास बोका भिंतीवर, पडद्यावर फवारे मारू लागला तर तो वयात आला आहे. वेळेत नसबंदी करून घेतली की ही सवय बहुधा लागत नाही. पण वाढलेला बोका घमेल्यात वारंवार बसतोय, कण्हतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं, तर त्याची लघवी अडलेली असू शकते. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की हा धोका वाढतो, आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याला त्याच घडीला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.