उपग्रह खाली का पडत नाही?



वादळाचा इशारा मिळताच उरणच्या करंजा व मोरा बंदरांतील कोळी बांधव होड्या किनाऱ्याला आणतात. अशा इशाऱ्यासाठी ढगांची चित्रे पाठविणारा इन्सॅट-३ डीएस हा उपग्रह फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडण्यात आला. तो सुमारे ३६,००० कि.मी. उंचीवर फिरतो. 'तेथे गुरुत्वाकर्षण नसते,' असे पुष्कळांना वाटते. ही ऐकीव गोष्ट आपण गणिताने पडताळून पाहू.

नियम असा की, अंतर दुप्पट झाले तर ओढ एक चतुर्थांश होते, तिप्पट झाले तर एक नवमांश. मात्र अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून मोजावे. जमिनीवर आपण केंद्रापासून सुमारे ६,४०० कि.मी. दूर आहोत. येथे गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. ४०० कि.मी. उंचीवरील अवकाश स्थानकात ते ८.७ भरते. आपला उपग्रह केंद्रापासून ६.६ पट दूर आहे. ६.६ चा वर्ग सुमारे ४४, ९.८ ला ४४ ने भागल्यास ०.२२ येते. चंद्र ६० पट दूर, तरी तेथे ०.००२७ उरतेच.

म्हणजे ओढ घटते, संपत नाही. तीच उपग्रहाला सतत पृथ्वीकडे वळविते. त्याचा आडवा वेग सेकंदाला सुमारे ३ कि.मी. असल्याने तो पडत असूनही जमिनीवर न आदळता पृथ्वीभोवती फिरत राहतो. ओढ नसती तर तो सरळ रेषेत निघून गेला असता. अंतराळवीर तरंगतात, कारण तेही स्थानकाबरोबर पडतच असतात.

उत्तरपत्रिकेत 'अवकाशात गुरुत्वाकर्षण शून्य' असे लिहिण्यापूर्वी हा भागाकार स्वतः करून पाहावा, एवढीच आमची विनंती.