3.4 ठळक, गोलाकार शीर्षकटंक : स्वभाव आणि उपयोजन



लिपी ही भाषेची चिन्हव्यवस्था होय, तर टंक म्हणजे त्या चिन्हांना दिलेले विशिष्ट दृश्यरूप. मोठ्या आकारात थोडा मजकूर दाखवण्यासाठी घडवलेल्या टंकास आपण येथे ‘शीर्षकटंक’ म्हणू. उदाहरणादाखल मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘बलू’ हा टंक घेऊ. देवनागरीखेरीज बंगाली, गुजराती, तमिळ, कन्नड आदी लिप्यांतही तो उपलब्ध असून मुक्त परवान्यामुळे विनामूल्य वापरता येतो.

स्वभाव : या वर्गातील टंकांची रेषा जाड, टोके बोथट आणि कोपरे मऊ असतात. जाडीमुळे शब्द दुरून नजरेत भरतो आणि गोलाईमुळे त्यातील हुकमी सूर सौम्य होतो. म्हणूनच बालपुस्तकांची मुखपृष्ठे, खाऊची वेष्टने, जत्रेचे फलक यांना तो शोभतो. निधनवार्तेत किंवा कायदेशीर सूचनेत मात्र हाच खेळकरपणा आशयाशी विसंगत ठरतो.

मर्यादा : रेषा जाड झाली की अक्षरातील पोकळी आकसते. देवनागरीत याचा संबंध थेट अर्थाशी येतो. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद मुख्यतः शिरोरेषेतील लहानशा खंडावर आणि डावीकडील वळणावर अवलंबून असतो. जाड रेषेत तो खंड बुजला, तर ‘धन’ आणि ‘घन’ हे शब्द ओळखताना वाचक अडखळतो. ‘वश’ आणि ‘वंश’ यांत केवळ एका बिंदूचे अंतर आहे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हा भेद दाखवणारे ‘र’चे अर्धरूप टंकात नसेल, तर तो टंक कितीही देखणा असला तरी मराठीसाठी अपुरा होय.

कुशल टंककार अशा गर्दीच्या जागी रेषा किंचित बारीक करतो. तरीही छोट्या आकारातील सलग परिच्छेदासाठी अतिठळक टंक योग्य नव्हे. ‘बलू’ प्रथम एकाच ठळक जाडीत होता. पुढील ‘बलू 2’मध्ये पाच जाड्या दिल्या आहेत. त्यामुळे शीर्षक आणि उपशीर्षक एकाच वळणात ठेवून त्यांतील श्रेणीभेद दाखवता येतो.

सारांश, टंकाची निवड हा केवळ सजावटीचा प्रश्न नाही. आशयाचा सूर, मजकुराची लांबी आणि भाषेतील अर्थभेदक चिन्हांची स्पष्टता या तीन कसोट्यांवर ती करावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
1. ‘धन–घन’, ‘वश–वंश’, ‘दर्या–दऱ्या’ या जोड्या एका ठळक टंकात प्रथम मोठ्या व नंतर लहान आकारात लिहा. कोणता भेद आधी पुसट होतो, ते नोंदवा.
2. आपल्या परिसरातील दोन फलक निवडा व त्यांवरील टंक आशयास अनुरूप आहे का, ते सकारण लिहा.