मोटारसायकलचा पुढील काटा : डँपरमधील हवा, दोषनिदान आणि उपाय

तालुक्याच्या गावाहून वाडी-वस्तीपर्यंत पोहोचणारे वाहन म्हणून मोटारसायकलीने ग्रामीण महाराष्ट्रात पक्के स्थान मिळविले आहे. शाळेत जाणारे शिक्षक, पंचायतीचे कर्मचारी, पशुवैद्यकीय सेवक, दूध संकलन केंद्राकडे कॅन घेऊन जाणारे शेतकरी अशा अनेकांचे दैनंदिन काम या वाहनावर अवलंबून असते. वाहनाचे इंजिन, साखळी आणि टायर यांकडे मालकाचे लक्ष सहसा असते. परंतु पुढच्या चाकाला आधार देणाऱ्या काट्याकडे, म्हणजेच बोलीभाषेतील पुढच्या शॉकअपकडे, तेल गळू लागेपर्यंत कोणी पाहत नाही. काट्यातील दोष हा केवळ आरामाचा प्रश्न नव्हे. ब्रेक लावताना वाहनाचा भार पुढे सरकतो व थांबविण्याचे बरेचसे काम पुढचे चाक करते. ते चाक रस्त्यावर टेकून न राहता उसळत असेल तर ब्रेक उत्तम असूनही वाहन वेळेवर थांबत नाही आणि वळणावर चालकाच्या इच्छेप्रमाणे वळतही नाही. म्हणून या भागाची रचना, त्यात होणारे बिघाड आणि विशेषतः त्यात अडकणारी हवा यांची माहिती असणे उपयुक्त ठरते.

काट्याची रचना

पुढील काट्याला दोन पाय असतात. प्रत्येक पाय एकमेकींत सरकणाऱ्या दोन नळ्यांचा बनलेला असतो. आत स्प्रिंग, ठरावीक प्रमाणात तेल आणि डँपर असतो. खड्ड्यात चाक वर ढकलले गेले की स्प्रिंग दबते व धक्क्याची ऊर्जा साठविते. ही ऊर्जा तशीच परत मिळाली तर वाहन झुल्याप्रमाणे खालीवर होत राहील. ते थांबविण्यासाठी तेल अरुंद छिद्रांतून व झडपांतून जाण्यास भाग पाडले जाते. या घर्षणाने ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते आणि आंदोलने शमतात. यालाच अवमंदन असे म्हणतात. अशा प्रकारचा, तेलाने अवमंदन करणारा दुर्बिणीच्या नळ्यांसारखा काटा व्यापारी उत्पादनात प्रथम आणण्याचे श्रेय जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीच्या १९३५ सालच्या मोटारसायकलींना दिले जाते. आज आपल्या रस्त्यांवरील बहुतेक सर्व मोटारसायकलींचे काटे याच तत्त्वावर चालतात.

डँपरचे दोन मुख्य प्रकार आढळतात. साध्या, रोजच्या वापराच्या मोटारसायकलींत छिद्रे असलेला एक पोकळ दांडा पायाच्या तळाशी बोल्टने बसविलेला असतो व त्याच्याभोवती नळी सरकते. अधिक शक्तीच्या अनेक मोटारसायकलींत या दांड्याऐवजी एक स्वतंत्र बारीक नळी असते. तिला कार्ट्रिज म्हणतात. या कार्ट्रिजमध्ये दट्ट्या बसविलेला दांडा खालीवर होतो व तेल पातळ चकत्यांच्या झडपांतून जाते. पुणे जिल्ह्यात चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएम मोटारसायकलींच्या काट्यात जाड नळी वर व बारीक नळी खाली अशी उलटी रचना असते. तालुक्याच्या कारागिराला आता साध्या काट्याबरोबरच अशा काट्यांवरही काम करावे लागते.

हवा कोठे हवी आणि कोठे नको

शेतीपंपाने हवा धरली की मोटार फिरत राहते पण पाणी चढत नाही, आणि डिझेल इंजिनाच्या नळीत हवा शिरली की ते सुरू होत नाही, हा अनुभव गावोगावी परिचित आहे. काट्यातील डँपरचेही तसेच आहे. तेल दाबाखाली जवळजवळ आकुंचन पावत नाही. हवा मात्र सहज दबते. सामान्य वातावरणीय दाबाला हवा ही खनिज तेलाच्या तुलनेत सुमारे पंधरा हजार पट अधिक सहजतेने दबते. त्यामुळे तेलात आकारमानाने शंभरास एक भाग हवा मिसळली तरी त्या मिश्रणाचा ताठपणा, दाब कमी असताना, शुद्ध तेलाच्या सुमारे दीडशेव्या भागावर येतो. दांडा हलू लागला की आधी ही हवा दबते आणि मग कोठे तेल झडपेतून जाऊ लागते. दांड्याच्या हालचालीचा तो पहिला भाग वाया जातो. दांड्याची दिशा बदलेल त्या प्रत्येक वेळी हे पुन्हा घडते. खडबडीत रस्त्यावर तर दिशा सेकंदात अनेकदा बदलत असते.

याचा अर्थ काट्यात हवा मुळीच नसावी असा नाही. तेलाच्या पृष्ठभागावर, नळीच्या वरच्या भागात, हवेचा एक स्तंभ मुद्दाम राखलेला असतो. काटा दबताना ही हवा दुसऱ्या स्प्रिंगचे काम करते. समजा, काटा पूर्ण ताणलेला असताना हा स्तंभ २४० मिलिमीटर आहे व काटा १२० मिलिमीटर दबला. नळ्यांची जाडी व स्प्रिंगचे आकारमान हिशोबातून वगळल्यास हवेचे आकारमान निम्मे होऊन दाब दुप्पट होईल. तेल जास्त भरून स्तंभ २०० मिलिमीटरच ठेवला तर तेवढ्याच हालचालीत दाब अडीचपट होईल व काटा शेवटी अधिक कडक लागेल. तात्पर्य, तेलाच्या वर असलेली हवा ही रचनेचा भाग आहे. डँपरच्या आत, झडपांजवळ असलेली हवा हा दोष आहे. दुरुस्तीचे सारे कौशल्य हा फरक राखण्यात आहे.

हवा आत शिरते कशी

हवा शिरण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे तेलाची पातळी खाली जाणे. ऑइल सील झिजले की तेल हळूहळू बाहेर पडते. पातळी पुरेशी उतरली की काटा ताणला जात असताना डँपर तेलाऐवजी हवा ओढू लागतो. दुसरे कारण जुने तेल. दीर्घकाळ वापरलेल्या तेलातील फेस रोखणारी द्रव्ये क्षीण होतात व तेल फेसाळते. तिसरे कारण दुरुस्तीतील घाई. तेल बदलताना डँपर रिकामा झालेला असतो; त्यातील हवा न काढताच झाकण बसविले तर नवे तेल घालूनही काटा पूर्वीपेक्षा वाईट वागतो. अशा वेळी दोष नव्या तेलावर किंवा स्प्रिंगवर ढकलला जातो आणि मालकाला अनावश्यक खर्च सोसावा लागतो.

दोषनिदानाचा क्रम

काटा उघडण्यापूर्वी बाहेरून होणाऱ्या तपासण्या पूर्ण कराव्यात. टायरमधील हवेचा दाब, चाकाचे बेअरिंग आणि कारागीर ज्याला कोनसेट म्हणतात ते हँडलखालचे बेअरिंग यांतील ढिलेपणा पुष्कळदा काट्याचा दोष समजला जातो. पुढचा ब्रेक दाबून वाहन मागेपुढे हलविल्यास कोनसेटमधील ढिलेपणा हाताला ठक्कन जाणवतो. त्यानंतर पुढील लक्षणे क्रमाने पाहावीत.

१. नळीवर तेलाचा ओला थर असल्यास सील गेले आहे असे समजावे. नळीवर गंजाचे खड्डे असतील तर नवे सीलही टिकणार नाही. हे तेल डिस्क ब्रेकवर उतरत असेल तर वाहन चालवू नये.

२. पुढचा ब्रेक धरून हँडल जोराने खाली दाबावे व सोडून द्यावे. वाहन वर येऊन लगेच स्थिर झाले तर अवमंदन ठीक आहे. ते दोन-तीन वेळा झुलले तर तेल कमी आहे, पातळ झाले आहे, डँपर झिजला आहे किंवा त्यात हवा आहे.

३. दाबल्यावर काटा अडखळत वर आला तर नळी वाकणे किंवा आस तिरका बसल्यामुळे दोन्ही पाय समांतर नसणे ही कारणे तपासावीत. याचा हवेशी संबंध नाही.

४. काटा दबताना व उठताना फसफस किंवा गुळगुळ असा आवाज येणे आणि दिशा बदलताना थोडी हालचाल अगदी रिकामी जाणे ही डँपरमधील हवेची खास लक्षणे होत.

५. खड्ड्यातून बाहेर पडताना वरच्या टोकाला टणका बसत असेल तर उसळी रोखणारे अवमंदन नाहीसे झाले आहे, असा अर्थ होतो.

हवा काढण्याची पद्धत

वाहन भक्कम आधारावर असे उभे करावे की पुढचे चाक जमिनीपासून सुटेल. नळी पकडीतून पूर्ण काढण्यापूर्वीच वरचे झाकण थोडे सैल करावे. झाकणाखाली दबलेली स्प्रिंग असते. शेवटचे आटे सोडताना चेहरा बाजूला ठेवावा व डोळ्यांना चष्मा लावावा. अवमंदन कमीजास्त करण्याचे स्क्रू असल्यास त्यांची मूळ स्थिती लिहून ठेवून ते पूर्ण सैल करावेत. मग स्प्रिंग काढून पाय उलटा धरावा आणि तेल येणे थांबेपर्यंत नळी व दांडा हलवीत राहावे.

साध्या दांड्याच्या काट्यात पुस्तिकेत दिलेले मोजके तेल ओतून, पाय उभा धरून नळी संथपणे पूर्ण खालीवर करावी. एका पायात लागणारे तेल अशा मोटारसायकलीत दीडशे-दोनशे मिलिलिटरच्या आसपास असते; अचूक आकडा मात्र त्या त्या वाहनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. आठ-दहा फेऱ्यांत खालीवर दोन्ही दिशांना सारखा विरोध जाणवू लागतो.

कार्ट्रिज असलेल्या काट्यात अधिक काळजी लागते. कार्ट्रिजचे तोंड बुडेल इतके तेल ओतावे. दांडा आपोआप खाली जातो, म्हणून त्याच्या टोकाच्या आट्यावर हत्यार बसवून किंवा तार बांधून तो हाती ठेवावा. मग दांडा पूर्ण अंतर, एका दिशेला दोन-तीन सेकंद लागतील इतक्या संथपणे, वर ओढावा व खाली दाबावा. सुरुवातीला बुडबुडे येतील व दांडा काही भागात अगदी हलका जाईल. दहा किंवा त्याहून अधिक फेऱ्यांनंतर विरोध आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखा झाला की डँपर भरला असे समजावे. या काळात तेल उतरते. कार्ट्रिजचे तोंड उघडे पडण्यापूर्वीच त्यात भर घालावी, अन्यथा काढलेली हवा परत आत जाते. त्यानंतर बाहेरची नळीही सावकाश खालीवर करावी, मात्र पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपलीकडे ओढू नये.

येथे धीर महत्त्वाचा आहे. तेलातून वर येणाऱ्या सूक्ष्म बुडबुड्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहावा हिस्सा झाला की वेग शंभरावा हिस्सा होतो. काट्याच्या नेहमीच्या तेलात एक मिलिमीटरचा बुडबुडा काही सेकंदांत वर येतो. दशांश मिलिमीटरच्या बुडबुड्याला तेवढ्याच अंतरासाठी दहा-पंधरा मिनिटे लागू शकतात. जोरजोराने पंप केल्यास मोठे बुडबुडे फुटून असे बारीक बुडबुडे तयार होतात. म्हणून संथ फेऱ्या, त्यानंतर किमान दहा मिनिटांची विश्रांती आणि पुन्हा काही फेऱ्या असा क्रम ठेवावा.

शेवटी तेलाची पातळी मोजावी. स्प्रिंग बाहेर, नळी पूर्ण दाबलेली आणि पाय उभा असताना नळीच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचे अंतर पट्टीने पाहावे. पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर दोन्ही पायांत ते सारखे असावे. तेलाच्या डब्यावरील १० डब्ल्यू, १५ डब्ल्यू हे आकडे निरनिराळ्या उत्पादकांचे एकसारखे असतातच असे नाही. म्हणून ४० अंश सेल्सिअसची श्यानता दिलेली असल्यास तिचीच तुलना करावी आणि दोन जातींचे तेल एकत्र करू नये. त्यानंतर स्प्रिंग व झाकण बसवून सर्व बोल्ट योग्य बलाने आवळावेत आणि सैल केलेले स्क्रू नोंदीप्रमाणे मूळ स्थितीत आणावेत.

इतके करूनही दांड्याची हालचाल रिकामी जात असेल तर दोष हवेचा नाही. दट्ट्याची झिजलेली कडी, न बसणारी तळाची झडप, ढिला तळबोल्ट किंवा वाकलेला दांडा यांपैकी कारण शोधावे. दाट तेल घालून हा दोष झाकण्याचा प्रघात आहे. त्याने झुलणे कमी झालेसे वाटते, पण छोट्या धक्क्यांना काटा ताठ होतो व चाक खडीवर उसळते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरपेक्षा अधिक क्षमतेच्या सर्व नव्या मोटारसायकलींना अँटिलॉक ब्रेक अनिवार्य झाले आहेत. परंतु हवेत उसळलेल्या चाकाला कोणताही ब्रेक रस्त्यावर पकड मिळवून देऊ शकत नाही.

शिक्षक व पंचायतींसाठी

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आणि शाळेच्या विज्ञान वर्गातही हा विषय अल्प खर्चात दाखविता येईल. सुई नसलेली सिरिंज पूर्ण पाण्याने भरून तोंड बोटाने बंद करून दाबल्यास दट्ट्या हलत नाही. त्यात थोडी हवा ठेवल्यास तो प्रथम सहज आत जातो. डँपरमधील बिघाडाचे मर्म विद्यार्थ्यांना एवढ्यावरूनच कळते.

काढलेले जुने तेल गटारात, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये. घातक टाकाऊ पदार्थांविषयीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. गावातील गॅरेजांनी ते बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोहोचवावे यासाठी ग्रामपंचायतींना पुढाकार घेता येईल. पंचायतीच्या वा शाळेच्या कामासाठी नियमित फिरणाऱ्या वाहनांची पावसाळ्यापूर्वी हँडल दाबून तपासणी केल्यास तिला एका मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. पावसात पाण्याखालचा खड्डा चालकाला दिसत नाही. त्या क्षणी चाक रस्त्यावर टेकून राहावे यासाठी काट्यातील हे थोडेसे तेल हवेशिवाय, आपल्या जागी असणे आवश्यक असते.