मुदत निश्चित, वाट अनिश्चित : कामाच्या आखणीविषयी थोडेसे

सन्माननीय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तजन हो,

“डायलिसिस विभाग नक्की कधी सुरू होणार?” हा प्रश्न आम्हांस वर्षभर विचारला गेला. शिरूर व दौंड तालुक्यांतील ज्या रुग्णांना आठवड्यातून दोन-तीनदा पुणे गाठावे लागते, त्यांच्यासाठी हा केवळ तारखेचा प्रश्न नाही. शिवाय देणगीची रक्कम ठरलेल्या मुदतीत खर्ची घालण्याचे बंधन आहेच. मुदत हलवता येत नाही आणि कामात अज्ञात गोष्टी आहेत. अशा वेळी आखणी कशी करावी?

या संदर्भात कोकण रेल्वेचे उदाहरण बोधप्रद आहे. १९९० साली श्री. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली, रोह्यापासून मंगळूरजवळील ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पाच वर्षांत पुरा करण्याचे ठरले. कठीण कातळातील बोगद्यांत यंत्रांमुळे कामाचा वेग आधी सांगता येई. तेथे वेळापत्रक उपयोगी पडले. गोव्यातील पेडण्यासारख्या ठिकाणी मात्र ओल्या, भुसभुशीत मातीने ते चालू दिले नाही. तेथे थोडे खोदावे, आधार द्यावा आणि मगच पुढे सरकावे, हाच मार्ग होता. तथापि त्या बोगद्यांपायी बाकीचा मार्ग अडवून ठेवला नाही. १९९३ सालीच रोहा-वीर व मंगळूर-उडुपी या टप्प्यांवर गाड्या धावू लागल्या. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. मूळ मुदत टळली हे खरे. परंतु झालेल्या कामाचा लाभ लोकांना तोवर मिळू लागला होता.

यातून आम्ही तीन गोष्टी घेतल्या.

पहिली, अज्ञात भागाला सर्वांत आधी हात घालावा. आपल्या जागेतील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम किती खोल आहे, हे चाचणीचे खड्डे घेतल्यावाचून कळत नाही. म्हणून पायाचा खर्च व तारीख त्यानंतरच निश्चित करावी.

दुसरी, वायरिंग, फरशी, यंत्रखरेदी ही परिचित कामे पक्क्या वेळापत्रकाने चालवावीत.

तिसरी, मुदत अपुरी पडल्यास काय कमी करायचे, हे आधीच ठरवावे. प्रारंभी खाटा कमी असल्या तरी चालतील. पाण्याच्या शुद्धतेत तडजोड चालणार नाही. एका डायलिसिसला शंभर लिटरहून अधिक शुद्ध पाणी लागते आणि ते पाणी व रुग्णाचे रक्त यांच्यामध्ये केवळ एक पातळ पडदा असतो.

वाणिज्य शाखेत आम्ही राखीव निधीची तरतूद शिकलो. वेळेचीही तशीच राखीव तरतूद करावी लागते, हे अनुभवाने उमगले. यापुढे आपणांस एकच तारीख न सांगता, कोणता टप्पा निश्चित आणि कोणता अद्याप अनिश्चित, हे स्पष्टपणे कळवू. आपल्या विश्वासाची बूज राखण्याचा हाच प्रामाणिक मार्ग आहे, असे आम्ही मानतो.

आपला नम्र,
प्रशासकीय अधिकारी