वाचकांची अनौपचारिक कादंबरी-चर्चा : स्वरूप आणि समीक्षामूल्य
(मीरा-भाईंदर परिसराच्या संदर्भात)

१. प्रास्ताविक

मराठी कादंबरीच्या समीक्षेचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः छापील साधनांवर विसंबतो. नियतकालिकांतील परीक्षणे, ग्रंथांच्या प्रस्तावना, परिसंवादांतील निबंध आणि वेळोवेळी झालेले वाङ्मयीन वाद ही ती साधने होत. वि. का. राजवाडे यांच्या १९०२ मधील 'कादंबरी' या निबंधापासून भालचंद्र नेमाडे यांच्या 'टीकास्वयंवर' (१९९०) पर्यंतचा प्रवास या साधनांच्या आधारे सुसंगतपणे मांडता येतो. मात्र या इतिहासात सामान्य वाचक क्वचितच येतो, आणि आलाच तर आवृत्त्यांच्या आकड्याच्या रूपाने येतो. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) किंवा शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, हे आपण नोंदवतो. ही पुस्तके वाचताना आणि वाचून झाल्यावर वाचकांनी एकमेकांना काय सांगितले, हे मात्र नोंदवीत नाही. वास्तविक कादंबरी एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती बहुधा परीक्षणामुळे नव्हे, तर अशा बोलण्यामुळे.

प्रस्तुत लेखात या बोलण्याचा, म्हणजे वाचकांच्या अनौपचारिक कादंबरी-चर्चेचा, विचार करावयाचा आहे. ज्या चर्चेला अध्यक्ष नसतो, विषयपत्रिका नसते आणि जिचे इतिवृत्त कोणी लिहीत नाही, ती अनौपचारिक चर्चा असे येथे गृहीत धरले आहे. हा सर्वेक्षणाचा अहवाल नव्हे. मराठी वाचकाच्या तोंडी सर्रास आढळणारे शब्दप्रयोग आणि अशा चर्चेची सर्वपरिचित स्थळे यांच्या आधारे केलेली ही प्राथमिक मांडणी आहे.

२. परिसर आणि वाचक

मीरा-भाईंदर हा परिसर निवडण्यास कारण आहे. मिठागरे, भातशेती, कोळीवाडे आणि उत्तन-डोंगरीकडील मराठी बोलणारी ख्रिस्ती वस्ती ही या भागाची जुनी ओळख. १९८५ साली येथे नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका स्थापन झाली. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या वर गेली. मुंबईतील जागांचे भाव आणि १९८२ च्या संपानंतर गिरणगावाची झालेली वाताहत यांमुळे मराठी मध्यमवर्गीय आणि कामगार कुटुंबे उपनगरांच्या पलीकडे सरकत गेली. त्यांपैकी काहींचा मुक्काम येथे पडला. शेजार मात्र बदलला. गुजराती, मारवाडी, हिंदी आणि दक्षिणेकडील भाषा बोलणारी कुटुंबे एकाच जिन्यावर राहू लागली.

वाचनव्यवहाराच्या दृष्टीने या स्थलांतराचे दोन परिणाम संभवतात. चाळीतील सामायिक गॅलरी गेली आणि बंद दाराची सदनिका आली. त्यामुळे पुस्तकाविषयी सहज बोलण्याची जागा घराजवळून उठून प्रवासात गेली. भाईंदर ते चर्चगेट हा सुमारे तासाभराचा लोकल-प्रवास आणि त्यातील रोजचा ठरलेला 'ग्रुप' हे या चर्चेचे एक प्रमुख स्थळ ठरले. दुसरा परिणाम असा की, मराठी कादंबरीविषयी बोलताना समोरचा श्रोता मराठी असेलच याची खात्री राहिली नाही. या दोन्ही गोष्टींनी चर्चेचे स्वरूप घडविले आहे.

३. हप्त्यांनी चालणारी चर्चा

ह. ना. आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यातून क्रमशः येऊ लागली. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीचा एक विशेष असा की, दोन हप्त्यांमधला काळ वाचकाच्या मालकीचा असतो. यमुनेचे पुढे काय होणार, हा प्रश्न त्या काळात लेखकापेक्षा वाचकांच्या स्वाधीन असतो. पुढे कादंबरी मुख्यतः ग्रंथरूपाने वाचली जाऊ लागली, तेव्हा हा मधला काळ संपला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रोजच्या प्रवासात वाचणाऱ्याने तो पुन्हा निर्माण केला. पुस्तक अखंड असले तरी वाचन स्थानकांच्या हिशेबाने तुटक होते, आणि त्या पुस्तकाविषयीचे बोलणेही उद्यावर टाकले जाते.

याचा समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा अर्थ असा. छापील समीक्षा नेहमी शेवटाच्या पलीकडून बोलते. समीक्षकाने संपूर्ण कृती वाचलेली असते आणि तिचा प्रत्येक भाग तो शेवटाच्या प्रकाशात पाहतो. अनौपचारिक चर्चा मात्र पुष्कळदा कृतीच्या मध्यावर उभी राहून होते. बोलणाऱ्याला शेवट ठाऊक नसतो आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असला तरी तो न सांगण्याचा संकेत पाळावा लागतो. हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाने १९६७ पासून ज्या 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची संकल्पना मांडली, ते क्षितिज अभ्यासकाला एरवी अनुमानानेच रेखाटावे लागते. येथे ते वाचकाच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकू येते. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) वाचणारा "मास्तराचं पुढं काय होतं?" असे विचारतो, तेव्हा तो व्यक्तिकेंद्री कथानकाची अपेक्षा बोलून दाखवीत असतो. कादंबरी त्याला मास्तराचे नव्हे, दुष्काळाने उठून गेलेल्या गावाचे उत्तर देते. त्याचा चुकलेला अंदाज हा कादंबरीच्या वेगळेपणाचा पुरावा ठरतो. शेवट वाचून झाल्यावर हा वाचकसुद्धा आपला पहिला प्रश्न विसरतो. म्हणून अशी चर्चा ज्या क्षणी होते, त्या क्षणाचे तिच्या आशयाइतकेच मोल आहे.

४. चर्चेची परिभाषा

अनौपचारिक चर्चेला परिभाषा नसते, असा एक समज आहे. तो तपासून पाहावा लागेल. 'पटले नाही', 'हातातून सोडवत नाही', 'वाचवत नाही', 'डोक्यावरून गेले', 'मनात राहिले' हे प्रयोग वारंवार येतात आणि त्यांचे अर्थ वाचकांमध्ये ठरलेले असतात. त्यांची व्याकरणिक घडण विशेष लक्षणीय आहे. 'लेखकाने वातावरण साधले आहे', 'लेखिकेने व्यक्तिरेखा उभी केली आहे' अशी छापील समीक्षेची वाक्ये असतात. त्यांत लेखक कर्ता आहे आणि वाचक वाक्याबाहेर आहे. 'मला पटले', 'मला सोडवत नाही', 'माझ्याने वाचवत नाही' या वाक्यांत वाचक येतो, पण तो करणारा म्हणून नव्हे. ज्याला काही घडते तो म्हणून येतो. 'सोडवत नाही', 'वाचवत नाही' ही तर शक्य क्रियापदे आहेत. आपल्या इच्छेपलीकडे काही झाले, याची कबुली त्या रूपातच आहे. वाचनानुभवाचे हे वर्णन भाबडे नाही. मराठीच्या व्याकरणानेच ते पुरविले आहे.

'वाचवत नाही' हा प्रयोग अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. कंटाळवाण्या पुस्तकाविषयी तो वापरतात. असह्य होणाऱ्या पुस्तकाविषयीही वापरतात. धरणग्रस्तांच्या विस्थापनावरील विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती' (१९९१) विषयी एखादा वाचक "पुढं वाचवत नाही" असे म्हणतो, तेव्हा ती निंदा नसते. दोन अर्थांपैकी कोणता घ्यावयाचा, हे स्वर, थांबणे आणि पुस्तक परत केले की ठेवून घेतले यावरून कळते. म्हणजे या परिभाषेचा अर्थ प्रसंगाशी बांधलेला असतो. ती कागदावर उतरविताना निम्मी गळून जाते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचे हेही एक कारण असावे.

भाषेचा प्रवास उलट दिशेनेही होतो. नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) मधील 'वगैरे'ने पांडुरंग सांगवीकराच्या वाचकांचे बोलणे बदलले, ही मराठीच्या अभ्यासकांना परिचित असलेली गोष्ट आहे. येथे चर्चा कादंबरी'विषयी' राहत नाही, ती कादंबरी'सारखी' होते. कोणत्याही अभिप्रायापेक्षा हा स्वीकार अधिक खोल म्हटला पाहिजे.

५. 'पटणे' : सत्याभास आणि नीती

या परिभाषेतील मध्यवर्ती शब्द 'पटणे' हा आहे. "तिचं वागणं पटत नाही" या वाक्याचे दोन अर्थ होतात. असे कोणी वागेल हे संभवनीय वाटत नाही, हा एक. असे वागणे योग्य वाटत नाही, हा दुसरा. शास्त्रीय समीक्षा या दोहोंत काटेकोर भेद करते आणि तो योग्यच आहे. अनौपचारिक चर्चेत दोन्ही अर्थ एकत्र येतात. म्हणून ती अप्रगल्भ, असा निष्कर्ष सामान्यतः काढला जातो.

प्रत्यक्षात हा भेद चर्चेच्या ओघात घडत जातो. गौरी देशपांडे यांच्या 'एकेक पान गळावया' (१९८०) मधील किंवा मेघना पेठे यांच्या 'नातिचरामि' (२००५) मधील स्त्रीविषयी एक वाचक म्हणते, "असं कुणी वागत नाही." दुसरी म्हणते, "वागतात. फक्त बोलत नाहीत." या उत्तराने मूळ विधानातील नैतिक आक्षेप आणि संभवनीयतेचा आक्षेप वेगळे होतात. पहिलीला आता ठरवावे लागते, की आपला आक्षेप नेमका कोणता. हे काम एका समीक्षकाने एका निबंधात करावयाचे असते. येथे ते दोघींच्या बोलण्यात वाटून केले जाते.

या संदर्भात महिलांच्या डब्याचा विचार आवश्यक आहे. पश्चिम रेल्वेवर १९९२ मध्ये केवळ महिलांसाठी गाडी सुरू झाली. महिलांचे राखीव डबे त्याआधीपासून होते. घर आणि कचेरी या दोन्हींच्या मधला हा तास दोन्हींच्या नजरेबाहेरचा असतो. तेथे कादंबरीतील नायिकेविषयी बोलणे म्हणजे 'ती' या सर्वनामाच्या आडोशाने स्वतःविषयी बोलणे ठरू शकते. विवाह, एकटेपणा, मुलांविषयीचा कंटाळा हे विषय 'मी'ने काढता येत नाहीत, ते 'तिने' काढता येतात. कादंबरीचे एक सामाजिक कार्य येथे उघड होते आणि ते केवळ पुस्तक वाचून कळणार नाही. अभिनवगुप्तांच्या विचारातील 'हृदयसंवाद' हा काव्य आणि सहृदय यांच्यातील होय. येथे एका कृतीच्या निमित्ताने दोन वाचकांमध्ये संवाद होतो. त्याला आपल्या काव्यशास्त्राने स्वतंत्र नाव दिलेले नाही. अभ्यासाने मात्र त्याची दखल घ्यावयास हवी.

६. पुनर्कथन आणि भाषांतर

बहुभाषी वस्तीतील चर्चेचे आणखी एक अंग म्हणजे पुनर्कथन. मराठी वाचक शेजाऱ्याला कादंबरी सांगतो ती मुंबईच्या हिंदीत. हे मौखिक भाषांतर कृतीची एक प्रकारे परीक्षाच घेते. वि. स. खांडेकर यांची 'ययाति' (१९५९) अशा कथनात बव्हंशी टिकते. तिचे कथाबीज महाभारतातील असल्याने श्रोत्याला ते आधीच अर्धेमुर्धे ठाऊक असते. 'कोसला' मात्र सांगता येत नाही. "एक लडका पुणे पढ़ने जाता है, फिर गाँव लौट आता है" यापुढे कथन सरकत नाही. सांगणाऱ्याला तेथे थांबून "वो पढ़ना ही पड़ेगा" असे म्हणावे लागते. कथानक आणि निवेदन यांच्यातील जो भेद आपण वर्गात परिभाषा वापरून शिकवितो, तो या वाचकाच्या प्रत्यक्ष अनुभवास आलेला असतो. सांगता न येणे ही कृतीची उणीव नसून तिचे मूल्य भाषेत आहे याची खूण आहे, हे तो जाणतो. फक्त तसे मांडत नाही.

७. मर्यादा

या चर्चेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तिच्यात जातीय व लिंगविषयक पूर्वग्रह निर्धास्तपणे वावरतात. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका' (१९६५) सारख्या कृतीला 'घाण' या एका शब्दात बाजूला सारण्याची ताकद तिच्यात आहे. ऐतिहासिक कादंबरीतील प्रसंग इतिहास म्हणून उद्धृत करण्याची सवयही तिचीच. शिवाय ही चर्चा पूर्णतः स्वायत्त नसते. वर्तमानपत्रातील मजकूर, शाळेतील धडा, पुरस्काराची बातमी यांचे पडसाद तिच्यात मिसळलेले असतात. स्टॅन्ली फिश यांनी १९८० मध्ये ग्रंथरूपाने मांडलेली, अर्थ लावणाऱ्या समूहांची कल्पना येथे उपयोगी पडते. परंतु डब्यातील समूह विचारांनी नव्हे, तर वेळापत्रकाने जुळलेला असतो, हे विसरता येणार नाही. नेमक्या याच कारणाने त्यात मतभेद अधिक असतात. भिन्न अभिरुचीच्या माणसांना एकमेकांचे ऐकून घ्यावे लागते, कारण उतरण्याचे स्थानक अजून यावयाचे असते.

आज भ्रमणध्वनीच्या पडद्याने प्रवासातील पुस्तकाची जागा मोठ्या प्रमाणात घेतली आहे. चर्चा नाहीशी झाली असे म्हणता येणार नाही. ती विरळ झाली आहे. म्हणून तिच्या अभ्यासाची निकड वाढली आहे.

८. समारोप : अध्यापनाच्या दिशेने

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. अनौपचारिक चर्चा कृतीच्या मध्यावरून बोलत असल्याने वाचकाच्या अपेक्षांचा प्रत्यक्ष पुरावा देते. तिला स्वतःची परिभाषा आहे आणि ती वाचनाला वाचकावर घडणारी घटना मानते. तसेच समीक्षेतील काही मूलभूत भेद ती संवादातून स्वतःच घडविते.

यातून मराठी विभागांपुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. मीरा-भाईंदरसारख्या परिसरातून येणारा विद्यार्थी हे सारे ऐकत वाढलेला असतो. मात्र उत्तरपत्रिका लिहिताना 'पटले नाही' हे समीक्षेचे वाक्य नव्हे, असे त्याला शिकविले जाते. मग तो मार्गदर्शिकेतील तयार विशेषणे उचलतो : 'प्रभावी', 'कलात्मक', 'वास्तवदर्शी'. या विशेषणांतून त्याचे कोणतेच वाचन व्यक्त होत नाही. 'पटले नाही' हे वाक्य खोडून टाकण्याऐवजी 'कोणत्या अर्थाने पटले नाही?' असा प्रश्न समासात लिहिणे अधिक उपयुक्त ठरेल. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता तो संभवनीयतेपर्यंत, निवेदनापर्यंत आणि स्वतःच्या पूर्वग्रहांपर्यंत येऊन पोहोचतो.

पदव्युत्तर स्तरावर एखाद्या कादंबरीविषयी घरच्यांशी आणि सहप्रवाशांशी झालेले बोलणे, त्यांची संमती घेऊन व नावे न देता, त्यांच्याच शब्दांत टिपण्याचा प्रकल्प सहज देता येईल. नोंद होते आहे हे कळल्यावर बोलणे बदलते, ही अडचण आहेच. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी तिच्याशी पूर्वीपासून सामना केला आहे. ओव्या आणि कहाण्या गोळा करण्यासाठी आपण दूरच्या गावी गेलो. कादंबरीविषयीची मौखिक समीक्षा आपल्या शेजारच्या आसनावर बसलेली असते. ती टिपली गेली, तर मराठी कादंबरीच्या इतिहासात वाचकाच्या वाट्याला आवृत्त्यांच्या आकड्याखेरीज स्वतःचे शब्दही येतील.