शौच : चिकित्सालयाचे आणि औषधालयाचे

रुग्ण आमच्या दारात येतो तेव्हा त्याला भस्माची परीक्षा येत नसते. चूर्णाचे वीर्य टिकले आहे की नाही, हे तो सांगू शकत नाही. म्हणून जे दिसते त्यावरून तो न दिसणाऱ्याचे अनुमान करतो. सैन्याधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालील माणसांना दिलेले गुण तपासून मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली हाच मनुष्यस्वभाव दाखवून दिला. एका गुणाची छाप इतर गुणांच्या मूल्यमापनावरही पडते.

आमच्या शास्त्रकारांनी हा विचार फार पूर्वी केला आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगताना वैद्य आणि परिचारक या दोघांच्याही गुणांत ‘शौच’ गणले आहे. सुश्रुताचार्य सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात, व्यवसायात प्रवेश करणाऱ्या वैद्याने नखे व केस नीट कापलेले असावेत, वस्त्र शुभ्र असावे, पण वेश भपकेबाज नसावा, असे सांगतात. छत्तिसाव्या अध्यायात भेषजागाराची जागा शुचि असावी आणि औषधे वस्त्रात, मातीच्या भांड्यात, फळीवर, खुंटीवर नीट ठेवावीत, असा निर्देश आहे.

हे सर्व पाठ असूनही आमच्या हातून चूक घडली, ती येथे नमूद करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दर्शनी भागाला रंग दिला, काचेची कपाटे बसविली. मागील खोली मात्र तशीच राहिली. त्या पावसाळ्यात अविपत्तिकर चूर्णाच्या बरणीचे झाकण सैल राहिले. चूर्णात साखर असल्याने ते दमटले व त्याचे गोळे झाले. मदतनिसाने ते चमच्याने फोडून पुड्या बांधल्या. देवळी तालुक्यातील एक जुना रुग्ण ती पुडी घेऊन गेला आणि पुन्हा आला नाही. तक्रार केली असती तर आम्ही चूर्ण बदलून दिले असते. दिवाळीच्या सुमारास त्याचा भाऊ भेटला. तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, दवा चांगलीच असन, पण पुडीतले खडे पाहून घरच्याईचं मन नाई झालं.”

त्या घरच्यांचे अनुमान बरोबर होते, हे आम्हास मान्य करावे लागले. चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, असे शार्ङ्गधराचार्य सांगतात. ओल लागल्यावर तर प्रश्नच उरत नाही. बाहेरचा रंग हे आम्ही रुग्णाला दिलेले वचन होते आणि आतल्या बरणीने ते मोडले. आत अव्यवस्था ठेवून बाहेर चकाकी आणणे ही रुग्णाची फसवणूकच होय.

तेव्हापासून आम्ही पुढील नियम पाळतो :

१. प्रत्येक बरणीवर कल्पाचे नाव, भरल्याची तारीख व मुदत लिहावी. मुदत संपलेली औषधे त्याच दिवशी वेगळी काढावीत.

२. पावसाळ्यात चूर्णे, विशेषतः साखर व क्षार असलेली, थोड्या प्रमाणात मागवावीत; हवाबंद ठेवावीत.

३. प्रत्येक चूर्णासाठी वेगळा, कोरडा चमचा वापरावा. पुडीसाठी वर्तमानपत्राचा कागद वापरू नये.

४. आसवारिष्टांच्या बाटल्यांचे चिकट ओघळ रोज पुसावेत. स्नेहनाचे टेबल व चादर प्रत्येक रुग्णानंतर स्वच्छ करावी.

५. आठवड्यातून एकदा स्वतः रुग्णाच्या बाकावर बसून पाहावे. आपल्या खुर्चीवरून न दिसणारी जळमटे तेथून दिसतात.

यास मोठा खर्च लागतो, ही सबब आम्हा वर्धेकरांना तरी शोभत नाही. महात्मा गांधी १९३६ साली सेगावात राहावयास आले. १९४० मध्ये त्याच गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील बापूकुटी माती, बांबू आणि कौलांची आहे. आत वस्तू मोजक्या, पण प्रत्येक आपापल्या जागी. तेथे जाणाऱ्याच्या मनावर ठसा उमटतो तो श्रीमंतीचा नव्हे, नीटनेटकेपणाचा.

वैद्यबंधूंनी व औषधालय चालविणाऱ्या मित्रांनी एवढेच करावे. आज दुकान बंद करण्यापूर्वी मागच्या खोलीतील एक बरणी उघडून पाहावी. जी पुडी आपल्या घरी देण्यास मन धजणार नाही, ती रुग्णाच्या हातीही देऊ नये.

इत्यलम्।